समोरच्या माणसाचं काम कोण करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या तालुक्यात माजी सैनिकांची संघटना आहे. त्यातले काही जण श्रीलंकेत जाऊन आलेले, काही कारगिलच्या वेळी वर असलेले. त्यांना घेऊन नाटक बसवावं असं तुमच्या मनात आहे. एकमेकांवर गोळ्या झाडलेली माणसं बाहेरच्या देशांत एका रंगमंचावर आली, हे तुम्ही वाचलंय. पण सोलापूर जिल्ह्यात समोरचा माणूस आणायचा कुठून आणि समेट करायचा तो कोणाशी, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि बसलेली खपली आपण उगाच काढणार नाही ना, हा दुसरा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

मी सैनिक नाही. हौशी रंगभूमीवर वाढलेला माणूस आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर कामं करत करत दिग्दर्शनाकडे आलो आणि गेली वीस-बावीस वर्षं बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट इकडच्या माजी सैनिकांबरोबर नाटक करतो आहे. अगदी सुरुवातीच्या एका प्रयोगात मी गोळीबाराचा आवाज वापरला. तालमीत तो नव्हता. ऐन प्रयोगात स्पीकरवर सोडला की नटांचं दचकणं खरं येईल, असा माझा हिशोब. आवाज झाला आणि नायक हुद्द्यावरून निवृत्त झालेला एक जण विंगेच्या पायथ्याशी पालथा पडला. दोन्ही हात डोक्यावर, तोंड फळीला टेकलेलं. मिनिटभर तो हलला नाही. लोकांना वाटलं, काय काम करतोय हा माणूस! टाळ्या पडल्या. मला विंगेतून त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. पडदा टाकायला सांगायचं सुचलं, तोवर फार उशीर झाला होता.

नंतर तीनदा त्याच्या घरी गेलो. तिसऱ्या वेळी त्याची आई म्हणाली, रानात गेलाय. त्याच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. मी चहा घेतला आणि निघालो. तो माणूस पुन्हा कधी तालमीला आला नाही.

तेव्हा खपली निघते का, तर निघते. दिग्दर्शकाच्या हौसेने हमखास निघते. भयंकर प्रसंगाचा मनावर राहून गेलेला जो आघात, ज्याला आज डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, त्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत जागा मिळाली ती १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी बरीच वर्षं आवाज उठवल्यावर. आपल्या गावांत अजूनही त्याला नाव नाही. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ किंवा ‘पेन्शन मिळतीय, पितो’, एवढ्यावर भागवतात. तुमच्या संघटनेत अशी माणसं असणार, हे धरूनच चाला. आठवण अंगावर येणं वेगळं आणि ती आपल्या हाताने काढून दाखवणं वेगळं. तालमीतली सगळी शिस्त या दोन गोष्टींमध्ये भिंत घालण्यासाठी असते.

आमच्याकडे ती शिस्त कवायतीतल्याच एका हुकमावर चालते. ‘जैसे थे’ म्हटलं की जवानाचं अंग आपोआप मागच्या जागी येतं. वीस वर्षं ते त्याच्या हाडात मुरलेलं असतं. आम्ही तोच शब्द घेतला. कोणीही, अगदी चहा देणारा पोरगाही, ‘जैसे थे’ म्हणाला की प्रवेश तिथल्या तिथे बंद, सगळे सतरंजीवर परत, आणि का थांबवलं हे विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात कोणी हा शब्द वापरत नाही. मर्दपणा आड येतो. म्हणून पहिल्यांदा मीच वापरतो, कारण नसताना. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा सुभेदार हळूच म्हणतो, आणि मग तालमीला खरी सुरुवात होते.

याशिवाय गोळीबाराचा आवाज नाही, फटाके नाहीत, पूर्ण अंधार नाही, दाराशी एक दिवा कायम चालू. तालमीला एक मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा तरी बसतात. बोलत नाहीत, नुसते बसतात. भिंतीवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेला असतो. आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात तालीम ठेवत नाही. सिद्धेश्वराची यात्रा आपल्या सगळ्यांच्या जिवाची. नंदीध्वज निघाले की आमचेही पाय ओढ घेतात. पण होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री शहर सोडून बहिणीच्या गावी जाऊन झोपणारे दोन माजी सैनिक मला माहीत आहेत. त्यांनी घरात कधी कारण सांगितलेलं नाही. बायकांना वाटतं, हे देवाधर्माचे नाहीत.

आता पहिला प्रश्न. समोरचा माणूस.

तुम्ही ज्याबद्दल वाचलं ते बहुधा लोला आरियास या अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिकेचं ‘माइनफील्ड’ असावं. नाटक २०१६ सालचं, विषय १९८२ चं फॉकलंड युद्ध. युद्ध अडीच महिन्यांचंही नव्हतं. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जवान त्यात गेले. चौतीस वर्षांनी त्यातले सहा जण रंगमंचावर उभे राहिले. तीन इकडचे, तीन तिकडचे. ब्रिटिशांकडच्या तिघांत एक नेपाळी गुरखा. एकालाही दुसऱ्या बाजूची भाषा धड येत नव्हती. त्या बेटांना एक बाजू फॉकलंड म्हणते, दुसरी माल्विनास, आणि ती कोणाची यावर नाटक संपल्यावरही त्यांचं एकमत झालं नाही. मला या नाटकातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. बेटं कोणाची हा वाद तसाच ठेवून ही माणसं एकत्र गाणी वाजवत होती.

त्यातल्या एका ब्रिटिश मरीनची हकीकत सांगतो, कारण आपल्याला तिचा उपयोग आहे. युद्धानंतर काही वर्षांनी तो टीव्हीवरच्या एका माहितीपटात बोलताना रडला. रडला तो एका अर्जेंटिनी माणसासाठी. मरताना तो माणूस त्याच्याशी इंग्रजीत बोलला होता. आपले सोबती मेले आणि आपण जगासमोर रडलो ते शत्रूसाठी, याची लाज त्याला पुढे कित्येक वर्षं होती. नाटकात तो स्वतःचीच ती जुनी चित्रफीत पाहतो. म्हणजे समेट व्हायचा होता तो अर्जेंटिनाशी थोडा, आणि स्वतःच्या त्या लाजेशी पुष्कळ.

अशी सोय आपल्याला नाही, हे खरं. मंगळवेढ्याचा हवालदार आणि समोरच्या पलटणीतला हवालदार एका सतरंजीवर बसवणं आज तुमच्या-माझ्या हातात नाही. पण म्हणून आपल्या लढायांमध्ये असं काही घडलंच नाही असं समजू नका. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत परमवीर चक्र मिळालेले अरुण खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते. २००१ साली त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, वयाच्या ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, त्यानेच निघायच्या आदल्या रात्री सांगितलं की तुमच्या मुलाच्या रणगाड्यावर गोळा टाकणारा मी. कारगिलमध्ये टायगर हिलवर पडलेल्या एका पाकिस्तानी कॅप्टनचा मृतदेह परत देताना आपल्या ब्रिगेडियरने त्याच्या शौर्याची चिठ्ठी त्याच्या खिशात घालून दिली, आणि त्याला त्याच्या देशाचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. या दोन्ही हकीकती मी तालमीत वाचून दाखवतो. लाहोरची वाचली की मी मुद्दाम एकच प्रश्न टाकतो: सांगायच्या आधीचे दिवस त्या यजमानाने कसे काढले असतील? पाहुण्याला चहा देताना हात कसा असेल? माजी सैनिक या प्रश्नावर तास-तास बोलतात. लढाईवर विचारलं तर पाच मिनिटांत संपवतात.

पाच मिनिटांत संपवतात त्याचंही कारण आहे. प्रत्येक माजी सैनिकाजवळ एक घासून गुळगुळीत झालेली गोष्ट असते. १५ ऑगस्टला शाळेत बोलावतात तेव्हा सांगायची. माझे थोरले चुलते १९७१ ला पूर्व आघाडीवर मराठा पलटणीत होते. त्यांची गोष्ट जमालपूरची. आपल्या ब्रिगेडियरने वेढ्यात सापडलेल्या बलुच पलटणीच्या कर्नलला शरण यायची चिठ्ठी पाठवली. उत्तराच्या चिठ्ठीत गुंडाळून आली बंदुकीची गोळी. मग ते रात्री वेढा फोडून निघाले आणि पहिल्या मराठाच्या, जंगी पलटणीच्या, तडाख्यात सापडले. गोष्ट खरीच आहे, लष्कराच्या इतिहासात नोंदलेली आहे. काका ती दर दिवाळीला सांगायचे, त्याच शब्दांत, गोळीपाशी तोच आवाज चढवून. सकाळ झाल्यावर काय दिसलं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे, गुळगुळीत गोष्टीवर नाटक उभं करू नका. तिचा मान ठेवा, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तशा गोष्टी मनापासून ऐका, टाळ्या द्या. त्या ऐकून घेतल्याशिवाय पुढचं निघत नाही. मग एवढंच विचारा, ‘सकाळी काय दिसलं?’

आणि समोरचा माणूस नसेल तर समोरच्याचं काम आपल्या माणसाने करायचं. यात नवीन काही नाही. इस्किलस हा ग्रीक नाटककार मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढला होता. सलामिसच्या आरमारी लढाईनंतर अवघ्या आठ वर्षांनी, इसवी सन पूर्व ४७२ मध्ये, त्याने अथेन्समध्ये नाटक केलं ते इराणच्या राजवाड्यात घडणारं. राजमाता वाट बघते आहे, दूत पराभवाची बातमी आणतो, मेलेल्यांची नावं घेतली जातात. नट ग्रीक, प्रेक्षक ग्रीक, त्यातले कितीतरी स्वतः त्या लढाईत वल्ही मारलेले, आणि रंगमंचावर रडतं आहे शत्रूचं घर. आपल्याकडे महाभारतात तर याहून धाडसी प्रवेश आहे. आश्रमवासिक पर्वात व्यास गंगेच्या पाण्यातून युद्धात मेलेले सगळे वीर एका रात्रीपुरते वर आणतात. कर्ण येतो, अभिमन्यू येतो, दुर्योधन येतो, आणि कोणाच्या मनात कोणाबद्दल वैर उरलेलं नसतं. पहाटे सगळे परत पाण्यात. हे मी एकदा तालमीत सांगितलं तेव्हा अक्कलकोटकडचे एक सुभेदार म्हणाले, ‘एक रात्र मिळाली त्यांना. आमाला तेवढी बी नाही.’

आता जाफन्याची तालीम सांगतो. तुमच्याकडे श्रीलंकेत गेलेले लोक आहेत म्हणून जरा सविस्तर.

१९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना तिथे होती आणि सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले. आठव्या महारच्या मेजर परमेश्वरन यांना तिथेच मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पण त्या लढाईची गोष्ट शाळेत सांगायला कोणी बोलावत नाही. ज्या तमिळ लोकांच्या रक्षणाला गेलो त्यांच्यातल्याच लढवय्यांशी लढावं लागलं, आणि परतताना मद्रासच्या बंदरावर तिथल्या राज्य सरकारने स्वागतही केलं नाही. त्यामुळे या लोकांजवळ गुळगुळीत गोष्टसुद्धा नसते. नुसतं गप्प बसणं असतं.

असे एक हवालदार आमच्याकडे होते. घरझडतीचा प्रवेश करायचा ठरलं, त्यांनीच सुचवला. पूर्व भागातल्या एका जुन्या शाळेत तालीम चालायची. बाजूला यंत्रमाग, त्यांची खटाखट भिंतीतून येत राहायची. तो आवाज एकसारखा असल्यामुळे बरा वाटतो असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी बाकं लावून घर केलं. दार इथे, चूल इथे, फळीवर डबे. दोघे सोबती आत शिरले, डबे खाली, अंथरूण झटकलं, ट्रंक उघडली. पाच-सहा वेळा केलं आणि दर वेळी जास्तच सफाईने होऊ लागलं. मी म्हटलं, घरात कोणी होतं का? ते म्हणाले, ‘एक बाई होती, सर. नुसती हुबी होती. काय बोलंना, रडंना.’ मी विचारलं, त्या बाईचं काम तुम्ही कराल?

ते बराच वेळ नाही म्हणाले. तालीम थांबवून चहा झाला. मग आपणहून उठले, फळीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. साडी नाही, पदर नाही, आवाज नाही. पँट-शर्टातला साठीचा माणूस. सोबत्यांनी झडती सुरू केली. पहिला डबा पडला तेव्हा त्यांचा उजवा हात मागे गेला आणि फळीची कड चाचपून धरली. दुसरा डबा पडला, बोटं घट्ट झाली. ट्रंक उघडली गेली तेव्हा त्यांनी मान थोडी वळवली, ट्रंकेपासून दूर. एवढंच. यंत्रमागाशिवाय दुसरा आवाज नव्हता. मग तेच म्हणाले, ‘जैसे थे.’

त्या दिवशी त्यांची बायको डबा घेऊन आली होती आणि दारात थांबली होती. ती मला म्हणाली, रागाने नाही, ओळखीचं काही दिसल्यासारखं: ‘सर, ह्यांचा आवाज चढला की मी बी अशीच हुबी राहते. फळी धरून.’

हे हवालदारांनी ऐकलं.

समेट कोणाशी, हे तुम्ही विचारलंत. मला जे कळलं ते त्या दारात. जाफन्यातली ती बाई कुठे आहे, आहे की नाही, कोणालाच माहीत नाही. तिच्यापर्यंत पोचायचं साधन नाही. पण तिचा तो हात त्या माणसाने पस्तीसेक वर्षं जपून ठेवला होता, बोटांसकट, आणि तोच हात त्याच्या स्वयंपाकघरात रोज त्याच्यासमोर होता. पुढे त्या घरात काय बदललं हे मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. तो प्रवेश आम्ही प्रयोगात घेतला नाही. मला घ्यायचा होता. इतकं खरं काम मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय. पण ते म्हणाले, एकदा झालं, बास. तालमीत निघालेलं सगळं रंगमंचावर आणलंच पाहिजे असं धरून चालणारा दिग्दर्शक या कामाला नालायक आहे, असं माझं ठाम मत आहे.

ज्या देशांत दोन्ही बाजू एकाच गावात राहतात तिथे याचा पुढचा टप्पा होतो. श्रीलंकेत ‘जनकरलिय’ हे फिरतं नाट्यपथक सिंहली आणि तमिळ नट एकत्र घेऊन, दोन्ही भाषांत, तंबू ठोकून गावोगाव प्रयोग करत आलं. यादवी चालू असतानाही करत होतं. उत्तर आयर्लंडमध्ये डेरी शहरातल्या प्लेहाऊस नाट्यगृहात जुने बंदूकधारी, पोलीस आणि ज्यांची माणसं मारली गेली ते, एका नाटकात आपापली हकीकत सांगत उभे राहिले. इस्रायली आणि पॅलेस्टिनी माजी लढवय्यांची २००६ पासूनची संघटना प्रेक्षकाला उठवून रंगमंचावर आणते, तू असतास तर काय केलं असतंस, करून दाखव म्हणते. ती पद्धत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या रंगकर्मीची. तुम्ही ती जरूर शिका, पण पहिल्या वर्षी वापरू नका. आपला प्रेक्षक उठून सैनिकाला शौर्य शिकवायला लागतो आणि सैनिक मिटून बसतो.

उलट समेटाची घाईही करू नका. मोहोळच्या एका प्रयोगानंतर एक वीरपत्नी उठली. नवरा गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. म्हणाली, ‘तुम्ही समोरच्याचं काम केलं, छान केलं. माझ्या मालकाचं काम कोण केलं?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. क्षमा तिने करावी की नाही हे ठरवणारे आपण कोण? तिला आम्ही तालमीला बोलावलं. दोन आठवडे दाराशीच बसायची. एके दिवशी सुट्टीवर आलेल्या जवानाचा प्रवेश चालू होता, तर मधेच म्हणाली, ‘तसं नाही. ते ट्रंक डाव्या हातात धरत. उजव्यात पोरासाठी खाऊ असायचा.’ त्या दिवसापासून ट्रंक डाव्या हातात. शत्रूबद्दल ती काहीही बोलली नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

सोलापूरबद्दल एक सांगावंसं वाटतं. भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक आपण रोज बघतो. १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेलेला आणि १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारलेला हा आपल्या गावचा माणूस. वीस वर्षांनी त्याच चीनशी युद्ध झालं, आणि तरी सोलापूरने कोटणीसांना मनातून उतरवलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायची सवय या गावाला आहे. तुमच्या प्रेक्षकावर विश्वास टाका.

भाषेचंही तसंच. आपल्या जिल्ह्यातल्या सैनिकाची घरची भाषा मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू असते आणि लढाईची भाषा हिंदी. हुकूम हिंदीत, शिव्या हिंदीत, जखमीला दिलेला धीर हिंदीत. सगळं शुद्ध मराठीत लिहून त्यांच्या हातात संहिता दिलीत तर ते पाठ करतील, आणि सगळं खोटं होईल. ज्या भाषेत घाबरले त्या भाषेतच घाबरू द्या. आमचे एक तेलुगू बोलणारे लान्स नायक सगळा प्रवेश हिंदीत करायचे आणि शेवटचं एकच वाक्य आईला उद्देशून तेलुगूत. प्रेक्षकांतल्या अर्ध्यांना ते कळत नसे. आम्ही त्याचा अर्थ कधी सांगितला नाही.

कागदोपत्री गोष्टी थोडक्यात. नोकरीत असलेल्या जवानाला घेऊ नका. निवृत्तांनीही पलटणीच्या हालचाली, ठाणी, हत्यारं यांचा तपशील टाळावा. गोपनीयतेचा १९२३ चा कायदा त्यांनाही लागू आहे. नाटकाला तो तपशील लागतही नाही. मेलेल्या सोबत्याचं खरं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन भेटा. परवानगीसाठी म्हणून नाही, पण कोणत्या घरात काय घडून गेलंय हे त्यांना ठाऊक असतं.

पहिला प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात करायचा मोह होईल. करू नका. ते नाट्यगृह भरायला हवं, मग निमंत्रणं, मग प्रमुख पाहुणे. आमच्या एका प्रयोगानंतर पाहुण्यांनी वीस मिनिटं भाषण केलं, शत्रूला कसं ठेचलं यावर, आणि नुकतंच शत्रूचं काम केलेले आमचे नट मागे हार गळ्यात घालून उभे होते. पहिला प्रयोग चाळीस माणसांसमोर करा. त्यातले वीस त्यांच्या घरचे. हार-तुरे नाहीत, भाषण नाही. प्रयोगानंतर पिठलं-भाकरी ठेवा, खाली बसून. बोलणं निघतं ते तिथे, वाढताना.

बायकांसाठी वेगळी तालीम ठेवा, वेगळ्या दिवशी, नवरे नसताना. त्यांच्याकडून जे येईल ते नवऱ्यांना परस्पर सांगू नका.

आणि सुरुवातीला संहिता नेऊ नका. सतरंजी, पाण्याची कळशी, चहा. सांगोला, करमाळा बाजूला परत जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी बघून ठेवा आणि तालीम तिच्या तासभर आधी संपवा. अर्धा तास नुसता गप्पांचा असू द्या, पावसाच्या, ज्वारीच्या, पोरांच्या परीक्षांच्या. मग स्टँडवर सोबत जा. एकटा माणूस एसटीत बसवायचा नाही, दोघं-दोघं बसवायचे.